सरांचं पंचावन्न

शोधनिबंधात जे छापता येत नाही, ते आमच्याकडे किस्से म्हणून साठतं. निबंध वर्षाकाठी एखादा, तोही परत आला नाही तर. किस्से मात्र आठवड्याला. चहाच्या वेळी कुणीतरी एक काढतो, दुसरा त्यात स्वतःचा घुसडतो, आणि नवीन आलेल्या पोरांना महिन्याभरात वाटायला लागतं की हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलं. एरवी मी हे हसत हसत सांगते. हल्ली मध्येच थांबायला होतं, तेवढं चालवून घ्या.

आमचं केंद्र म्हणजे खालापूरच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून आत, एका ट्रस्टची दुमजली इमारत. खाली हृदयरोगाची ओपीडी, वर प्रयोगशाळा आणि सेमिनारची खोली. शिक्षण संपवून नुकतेच संशोधनात शिरलेले डॉक्टर आणि शास्त्रज्ञ इथे हृदयाचं काम शिकायला येतात. त्यांना शिकवणारे टिपणीस सर. मी वैशाली, सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता ट्रेनिंगची व्यवस्था बघते. व्यवस्था म्हणजे प्रोजेक्टर चालू करणं, पोरांची भांडणं सोडवणं आणि सरांच्या मागे लागणं. तिसऱ्या कामात मी सपशेल नापास आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटायला नको. सरांचं स्वतःचं हृदय थकत चाललं होतं. आणि दिवसरात्र हृदयंच बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते सगळ्यात शेवटी कळलं.

* * *

आमच्या गुरुवारच्या सेमिनारला सरांचा एक नियम आहे. पडद्यावर केस लावली की प्रत्येकानं आपला अंदाज बोलून दाखवायचा, आणि सगळ्यात नवीन माणसानं आधी. मग त्याच्याहून जुना, मग त्याच्याहून जुना. सर शेवटी. कारण मोठ्या माणसानं आधी तोंड उघडलं की बाकीचे नंदीबैल होतात, असं सरांचं म्हणणं.

एकदा मुंबईहून एक नामांकित हृदयतज्ज्ञ पाहुणे म्हणून आले. शाल, नारळ सगळं झालं. पहिली केस लागली आणि त्यांनी सवयीनं घसा खाकरला. सर म्हणाले, "थांबा, तुमचा नंबर शेवटून दुसरा."

पाहुण्यांना वाटलं गंमत चाललीय. गंमत नव्हती. आमची सगळी पोरं एकेक करून बोलली, अडखळत, चुकत, स्वतःला खोडत. पाहुणे खुर्चीत चुळबुळत बसले. त्यांची पाळी आली तोवर चहा गार झाला होता. ते म्हणाले, "अहो टिपणीस, पोरांनी सगळं बोलून टाकलं. माझ्यासाठी काही उरलंच नाही की."

सर म्हणाले, "चुकायला जागा आहे अजून."

पाहुणे पुन्हा आले नाहीत. शाल मात्र घेऊन गेले.

* * *

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवर जेल लावून प्रोब फिरवायचा, पडद्यावर हृदय चालताना दिसतं. मग आतल्या कडेवरून हातानं रेघ ओढायची, एकदा हृदय फुगलेलं असताना आणि एकदा आक्रसलेलं असताना. त्यावरून मशीन सांगतं, दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं. पंचावन्नच्या आसपास किंवा वर असेल तर माणूस ठणठणीत.

हे शिकायला माणूस लागतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे सर. प्रत्येक नवी बॅच पहिला प्रोब ठेवते तो सरांच्या छातीवर. अंगानं किडकिडीत, त्यामुळे चित्र छान येतं, आणि सरांच्या भाषेत "फुकटचा पेशंट, तक्रार करत नाही."

पुण्याचा अद्वैत आला तेव्हाची गोष्ट. पोरगा एमबीबीएस, सुवर्णपदक वगैरे. सर डाव्या कुशीवर, मशीनकडे पाठ करून आडवे झाले. अद्वैतनं प्रोब इकडे फिरवला, तिकडे फिरवला, सगळी छाती जेलनं माखून टाकली. पडद्यावर नुसतं धुकं. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "सर, हृदय दिसत नाहीये."

सर भिंतीकडे बघत म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींचंही लग्नापासून हेच म्हणणं आहे. एक बरगडी खाली ये."

एक बरगडी खाली खरंच होतं. अद्वैतनं मोजलं, पंचावन्न. सरांचं पंचावन्न म्हणजे आमच्याकडचा पाढाच. ज्याला पंचावन्न आलं त्याचा हात बसला, तो पुढच्या कामाला मोकळा. बॅचमागून बॅच हेच चालत आलं.

* * *

याच अद्वैतचा दुसरा किस्सा. वरच्या प्रयोगशाळेत उंदराचं हृदय शरीराबाहेर काढून काचेच्या नळीला टांगतात. त्यात प्राणवायू मिसळलेलं कोमट द्रावण पंपानं सोडत राहिलं की ते हृदय एकटंच, कुणाचंही नसल्यासारखं धडधडत राहतं. पहिल्यांदा बघणारा माणूस त्या दिवशी नीट जेवत नाही.

पावसाळ्यात एका दुपारी लाइट गेली. जनरेटर नेमका दुरुस्तीला. पंप बंद. अद्वैतनं एका हातानं द्रावणाची बाटली डोक्यावर उंच धरली, म्हणजे निदान धार चालू राहील, आणि दुसऱ्या हातानं वीज कार्यालयाला फोन लावला. भीतीनं त्याच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं, "लवकर करा हो, इथे हृदय बंद पडतंय!"

इतक्या झटपट लाइट आलेली मी आमच्या भागात कधी पाहिली नव्हती. मागोमाग वायरमन स्वतः जिना चढून वर आला, नखशिखांत भिजलेला. झाडाची फांदी तारेवर पडली होती, ती भर पावसात उतरवून आला होता. म्हणाला, "पेशंट कसा हाय?"

अद्वैतनं खाली मान घालून सांगितलं, "दादा, उंदीर होता."

वायरमननं टांगलेल्या त्या इवल्याशा हृदयाकडे बघितलं. रागावला नाही. तोंडावरचं पाणी पुसत म्हणाला, "आसू दे. वाचला का पन?"

अद्वैतला उत्तर देता आलं नाही. आम्ही हा किस्सा सांगताना इथे हसतो. सर कधीच हसले नाहीत. ते म्हणाले, "त्यानं विचारलं ते बरोबर विचारलं. उत्तर तुम्हाला येत नाही, तर हसता कशाला?"

* * *

दीपाली ठोंबरे आमची सगळ्यात नवीन. खालापूर तालुक्यातल्याच शेतकरी घरातली, शरीरशास्त्रात एमएस्सी करून आलेली. एरवी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलते, घाबरली की गावची भाषा बाहेर येते. ती आल्यावर पहिलीच फेरी निघाली ठाकुरवाडीच्या खालच्या अंगाच्या एका गावात, रक्ताचे नमुने घ्यायला. साखर आणि चरबी तपासायची तर माणूस उपाशी हवा. आदल्या दिवशी निरोप गेला, सकाळी कुणी काही खाऊ नका.

आणि आमची जीप वाटेत बसली. टायर बदलायचा तर जॅक सापडेना. शेवटचा चढ पायी चढून आम्ही पोचलो तोवर ऊन डोक्यावर आलेलं. सगळं गाव देवळासमोर उपाशी बसून होतं. म्हातारी माणसं, कामाचा खाडा केलेले बाप्ये. आम्हाला लाज वाटून मेल्यासारखं झालं.

एका आजींनी दीपालीला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "पोरी, उपास धरायला आमची ना नाय. पन कंच्या देवाचा हाय त्ये तरी सांग. तेवढेच हात जोडते."

हा किस्सा इथे संपायला हवा, मी कित्येकदा इथेच संपवते. पण परत येताना जीपमध्ये दीपाली माझ्या कानाशी लागली. म्हणाली, "ताई, चढावर सर मधे मधे खाली बसत होते, बघितलंत का?"

मी म्हटलं, "हो, बुटाची लेस बांधत होते ना?"

"सरांनी चपला घातल्यात," ती म्हणाली.

मी पुढच्या सीटखाली वाकून बघितलं. चपलाच होत्या. सर काचेला डोकं टेकून बसले होते आणि ओठ काळसर दिसत होते.

* * *

पुढच्याच आठवड्यात दीपालीची एकोची पाळी आली. सर आडवे झाले, तिनं प्रोब ठेवला, चित्र पहिल्या झटक्यात आलं. मोजलं. परत मोजलं. सर कपडे सावरून निघून गेले तरी ही मशीनसमोरून हलेना. मी आत गेले तर म्हणाली, "ताई, माजा हात बसत नाय. पंचावन्न येतच नाय."

"किती येतंय?"

"तिशीच्या वर जातच नाय."

तेवढ्यात अद्वैत डोकावला. त्यानं मोठ्या भावाच्या थाटात तिला समजावलं, "अगं, सोपं आहे. आक्रसलेल्या हृदयाची रेघ जरा आतून ओढ. येईल पंचावन्न. मलाही आधी कमीच आलं होतं."

मी विचारलं, "म्हणजे?"

तो म्हणाला, "म्हणजे मला आलं होतं त्रेचाळीस. सरांचं तर पंचावन्न असतं. म्हटलं आपलीच रेघ चुकली. मग सुधारली."

मी बाकीच्यांना विचारलं. जुन्या बॅचच्या पोरांना फोन केले. कुणी बंगलोरला, कुणी परदेशात. सगळ्यांनी आधी हसून विषय टाळला आणि मग तेच सांगितलं. पहिल्यांदा कमी आलं होतं, वाटलं आपण नवशिके, मग रेघ आत आत नेत पंचावन्नवर आणून ठेवली. हात बसला म्हणून सरांनी पाठ थोपटली. सरावाच्या क्लिपा आम्ही ठेवत नाही, त्यामुळे नक्की कधीपासून घसरत होतं ते कळायला काही मार्गच नव्हता.

जगातल्या दुसऱ्या कुठल्या धंद्यात अशी चूक होईल असं मला वाटत नाही. शिंपी मापाला शर्ट बेततो, शर्टाला माप नाही बेतत! आम्ही एवढे शिकलेले लोक, आणि एका माणसाचं हृदय वर्षानुवर्षं खोडून दुरुस्त करत बसलो. तेही प्रेमानं.

* * *

सर राहतात कर्जतला, भिसेगावात. मी संध्याकाळी घरी गेले. आडून बोलायची सोय नव्हतीच. म्हटलं, "सर, मुंबईला जाऊन ॲडमिट व्हा. आकडा वाईट आहे."

"कुणी मोजला?"

"दीपालीनं."

सर म्हणाले, "तिला येऊन किती दिवस झाले? शिकाऊ हाताच्या आकड्यावर मी कुठल्याच पेशंटला ॲडमिट करत नाही. स्वतःला का करू?"

"मग मी मोजते."

"तू मला घाबरतेस," सर म्हणाले. "तुझा हात तिच्याहून वाईट."

मी अद्वैतचं, जुन्या बॅचचं, सगळ्यांचं सांगितलं. मला वाटलं पोरांवर चिडतील. ते म्हणाले, "म्हणजे शिकवण्यात माझंच चुकलं. ही पोरं उद्या दुसऱ्यांची हृदयं मोजणार. यांना असं सोडून मी कुठे जाऊ? यातल्या एकाचा तरी हात बसू दे."

सरांच्या पत्नी मालतीकाकू मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "हल्ली आरामखुर्चीतच झोपतात. आडवं झालं की दम लागतो. मी विचारलं तर म्हणतात, वाचता वाचता डोळा लागला."

मी काहीतरी धीराचं बोलायला गेले. त्यांनी मला बोलू दिलं नाही. म्हणाल्या, "वैशाली, छातीत जरा दुखलं की अर्धं भिसेगाव आमच्या दारात येतं. मी गं कुणाच्या दारात जाऊ?"

मला त्या क्षणी सरांचा असा राग आला की मागे फिरून चार शब्द सुनवावेत असं वाटलं. फिरले नाही. स्टेशनला जाणाऱ्या रिक्षात बसले आणि रडले. रिक्षावाला सभ्य, त्यानं आरसा वर केला.

* * *

आता शेवटचा.

युक्ती दीपालीची. ती म्हणाली, "ताई, सर माझा आकडा मानत नाहीत. पण सेमिनारमधल्या केसचा आकडा त्यांना स्वतःलाच सांगावा लागतो ना? मी त्यांच्या एकोची क्लिप ठेवून घेतलीय. नाव झाकून लावते."

मी म्हटलं, "सर ओळखतील."

"ओळखू देत."

सेमिनारच्या दिवशी खोलीत सगळ्यांना माहीत होतं पडद्यावर कुणाचं हृदय येणार ते. सर नेहमीच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. दीपालीनं क्लिप लावली. "पेशंट पुरुष, वय पासष्टच्या पुढे. चढावर धाप लागते. आडवं झोपता येत नाही." एवढं बोलून ती थांबली. पडद्यावर ते मोठं, दमलेलं हृदय कसंबसं आक्रसत होतं आणि परत सैल पडत होतं.

"अंदाज," सर म्हणाले. "केस मांडलीस म्हणून तुझी सुटका नाही. सगळ्यात नवीन तूच आहेस."

"पंचवीस," दीपाली म्हणाली.

मग तिच्याहून जुनी नेरळची मुलगी. ती पडद्याकडे न बघताच म्हणाली, "पस्तीस." पुढचा म्हणाला, "चाळीस." अद्वैतनं घसा साफ केला आणि चाळीसच सांगितलं. माझ्यापर्यंत आलं. मी म्हटलं, "पस्तीस ते चाळीस."

सर उठले. खुर्चीच्या पाठीला धरून जरा थांबले, मग पडद्यापाशी गेले. "हळू चालव," म्हणाले. दीपालीनं क्लिप हळू केली. सरांनी पेनानं एक जागा दाखवली. "ही भिंत हलत नाही. हलल्यासारखी वाटते, कारण शेजारची तिला ओढतेय. हे बघायला शिका. आकडा पंचवीस. बाकी सगळ्यांनी या पेशंटवर मेहेरबानी केलीय."

कुणी मान वर करेना.

"पेशंटला सांगितलंय का?" सरांनी विचारलं.

"नाय सर," दीपाली म्हणाली. "कुनाची हिंमतच व्हत नाय."

"तुझी?"

दीपालीनं हातातला माऊस खाली ठेवला. एक खुर्ची ओढून सरांच्या खुर्चीसमोर ठेवली आणि तीत बसली. सर परत येऊन आपल्या जागेवर बसले. ती म्हणाली, "सर, तुमचं हृदय फार दमलंय. आजच ॲडमिट व्हायला पायजे." रडू आवरत तिनं विचारलं, "घरचं मानूस बरोबर लागंल. काकूंना फोन लावू का?"

सर खिशाला पेन अडकवत म्हणाले, "नको. ती सकाळपासून खाली ओपीडीत बसलीय, कपड्यांची बॅग घेऊन."